एका दिवसाचा निवाडा : मार्शल ग्रूशीचें चरित्र

मनुष्यानें पस्तीस वर्षें इमानें-इतबारें चाकरी करावी, अंगावर जखमा घ्याव्या, दोन-तीन वेळां मृत्यूच्या दारांतून परत यावें, आणि अखेरीस जगानें त्याचें नांव केवळ एका दुपारसाठीं लक्षांत ठेवावें, याहून विलक्षण दैवगति ती कोणती? युरोपच्या इतिहासांत अशा दैवगतीचें ठळक उदाहरण पाहावयाचें असल्यास तें फ्रेंच सेनापति मार्शल एमान्युएल द ग्रूशी याचें होय. १८ जून १८१५ रोजीं वाटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पराभव झाला आणि तो ग्रूशी वेळेवर न आल्यामुळें झाला, एवढें एकच वाक्य बहुतेक सुशिक्षितांस त्याच्याविषयीं ठाऊक असतें.

आम्ही विद्यार्थिदशेंत असतांना आमच्या इतिहासाच्या शिक्षकांनींही हेंच सांगितलें होतें. ग्रूशी स्ट्रॉबेरीचीं फळें खात बसला आणि तिकडे साम्राज्य बुडालें, असें ते मोठ्या रसभरित वाणीनें सांगत. सारा वर्ग हंसे आणि त्यांत आमचेंही हंसणें मिसळे. पुढें पुष्कळ वर्षांनीं या मोहिमेवरील ग्रंथ वाचण्याचा योग आला, तेव्हां त्या हंसण्याची आम्हांस थोडी लाज वाटली. ती कां वाटली, तें या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

ग्रूशीचा जन्म १७६६ सालीं एका जुन्या सरदार घराण्यांत झाला. घर विद्येचें होतें. त्याची बहीण सोफी ही सुप्रसिद्ध तत्त्वज्ञ व गणिती काँदोर्से याची पत्नी. अॅडम स्मिथच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाचें तिनें फ्रेंच भाषेंत केलेलें भाषांतर १७९८ सालीं प्रसिद्ध झालें. भावानें मात्र लेखणीऐवजीं तरवार पत्करली. प्रथम स्ट्रासबुर्गच्या तोफखान्याच्या शाळेंत, नंतर घोडदळांत, आणि पुढें राजाच्या अंगरक्षकांच्या पथकांत त्याचा प्रवेश झाला. इतक्यांत १७८९ ची राज्यक्रांति आली. राजाच्या पदरीं असलेले बहुतेक सरदारपुत्र देश सोडून शत्रूस मिळाले. ग्रूशीनें क्रांतीचा पक्ष घेतला. त्याचें बक्षीस त्यास काय मिळालें म्हणाल, तर १७९३ सालीं केवळ सरदारकुळांत जन्मला या अपराधासाठीं त्यास अधिकारपदावरून दूर करण्यांत आलें! त्याचा मेहुणा काँदोर्से १७९४ च्या मार्च महिन्यांत बंदिवासांत मरण पावला. तरीही मनांत अढी न धरतां, पुन्हा बोलावणें येतांच ग्रूशी सैन्यांत रुजू झाला. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण आज्ञा आली कीं ती शिरसावंद्य मानावयाची, हा त्याच्या स्वभावाचा पाया येथेंच दिसूं लागतो.

१७९६ च्या डिसेंबरांत आयर्लंडवर स्वारी करण्यासाठीं फ्रेंचांचें एक आरमार सुमारें १५,००० सैनिक घेऊन ब्रेस्ट बंदरांतून निघालें. मुख्य सेनापति होश, आणि दुय्यम ग्रूशी. वाटेंत वादळानें होशचें जहाज चुकलें आणि बँट्रीच्या उपसागरांत ग्रूशी पोहोंचला तेव्हां त्याच्याजवळ सुमारें ६,५०० माणसें उरलीं होतीं. त्यानें किनाऱ्यावर उतरण्याचें ठरविलें. परंतु वादळ वाढलें आणि आरमाराच्या अधिकाऱ्यानें नांगराचा दोर तोडून जहाज खुल्या समुद्रांत नेलें. मोहीम फसली. मुख्य सेनापति दृष्टीआड, काळ निसटत चाललेला, आणि निर्णय घेण्याची जबाबदारी अवचित दुय्यमावर येऊन पडलेली, असा हा प्रसंग होता. एकोणीस वर्षांनीं दैवानें हाच डाव पुन्हा मांडून ठेवला होता.

परंतु मधल्या एकोणीस वर्षांत या पुरुषानें काय केलें, तें सांगितल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. १५ ऑगस्ट १७९९ रोजीं इटलींतील नोवी येथें रशियाच्या सुवोरोव्हशीं लढतांना फ्रेंचांचा पराभव झाला व त्यांचा सेनापति पडला. त्या दिवशीं पिछाडी सांभाळीत असतां ग्रूशीच्या अंगावर चौदा जखमा झाल्या आणि तो शत्रूच्या हातीं सांपडला. सुमारें वर्षभरानें सुटका झाली. आणि लगेच ३ डिसेंबर १८०० रोजीं होहेनलिंडनच्या लढाईंत मोरोच्या हाताखालीं तो पुन्हा उभा होता. मोरो हा पुढें नेपोलियनचा प्रतिस्पर्धी ठरला. ग्रूशीचा त्याच्याशीं स्नेह होता, आणि त्यामुळें नव्या सम्राटाची त्याजवरील मर्जी बरींच वर्षें बेताचीच राहिली.

तरीही त्याचें काम चुकलें नाहीं. १८०७ च्या फेब्रुवारींत आइलाउच्या बर्फाळ मैदानांत त्याचा घोडा ठार झाला व तो खालीं पडला. तेव्हां अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत नांव मिळविलेल्या लाफायेतच्या मुलानें, जो त्याच्याजवळ अंगरक्षक अधिकारी होता, त्याचे प्राण वांचविले. त्याच वर्षीं १४ जून रोजीं फ्रीडलंड येथें सकाळभर रशियन सैन्यास अडवून धरण्याचें काम मार्शल लानकडे होतें, आणि लानचें घोडदळ ग्रूशीच्या हातीं होतें. नेपोलियन मुख्य सेनेसह येऊन पोहोंचेपर्यंत त्या घोडदळानें दाखविलेलें धैर्य हें त्या विजयाचें एक मोठें कारण होय. १८०९ मध्यें वाग्रामची लढाई, १८१२ मध्यें बोरोदिनो, आणि तेथें पुन्हा जखम, अशी ही मालिका आहे.

मात्र चरित्रकारानें डाग झांकूं नयेत. १८०८ च्या मे महिन्यांत माद्रिद शहरांतील लोक फ्रेंचांविरुद्ध उठले, त्या वेळीं शहराचा गव्हर्नर ग्रूशी होता. वरिष्ठ अधिकार म्यूराचा होता हें खरें. परंतु तेथें नागरिकांवर ज्या गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांचें पाप त्या शहराच्या गव्हर्नरास मुळींच शिवत नाहीं, असें म्हणवत नाहीं. आज्ञेचें पालन हा गुण खरा; पण तो कोणत्या आज्ञेसाठीं खर्ची पडतो, हेंही पाहावें लागतें.

रशियाच्या परतीच्या वाटेवरील एक गोष्ट मात्र कोणाच्याही अंतःकरणास स्पर्श करील. थंडीनें व उपासमारीनें घोडीं मेलीं होतीं, घोडदळ नांवालाच उरलें होतें. तेव्हां ज्या अधिकाऱ्यांजवळ अद्याप घोडा शिल्लक होता, त्या सर्वांस एकत्र करून सम्राटाच्या रक्षणासाठीं एक तुकडी उभारण्यांत आली. तिला ‘पवित्र पथक’ असें म्हणत. तींत जनरल हे कॅप्टनचें काम करीत आणि कर्नल हे शिपायांच्या नायकाचें. या पथकाचें नेतृत्व ग्रूशीकडे सोंपविलें होतें. ज्याच्या हातीं आपला प्राण विश्वासानें द्यावा, असा हा मनुष्य नेपोलियनला वाटत होता, हें यावरून दिसतें. १८१४ सालीं शत्रू फ्रान्समध्यें शिरला तेव्हां व्होशां येथें प्रशियाच्या ब्लूखरवर त्यानें केलेला हल्ला फार गाजला. आणि तीनच आठवड्यांनीं क्राओन येथें त्यास पुन्हा जखम झाली.

येथवरचा वृत्तांत पाहिला असतां दोन गोष्टी स्पष्ट होतात. हा पुरुष शूर होता, अनुभवी होता, विश्वासू होता. घोडदळ चालविण्यांत त्याची बरोबरी करणारे थोडे होते. परंतु पायदळ, घोडदळ व तोफखाना असें पूर्ण सैन्य घेऊन, धन्याच्या नजरेआड, स्वतःच्या बुद्धीनें मोहीम चालविण्याचा प्रसंग त्याजवर क्वचितच आला होता. १८१३ सालीं त्यानें पायदळाचें नेतृत्व मागितलें होतें, तें त्यास नाकारण्यांत आलें होतें! १८१५ च्या एप्रिलांत, एल्बाहून परतलेल्या नेपोलियननें त्यास मार्शलपद दिलें. नेपोलियनच्या सव्वीस मार्शलांपैकीं हा अखेरचा. आणि दोनच महिन्यांनीं, दोन वर्षांपूर्वीं जें नाकारलें होतें, त्याच्या कितीतरी पट भार त्याच्या शिरावर येऊन पडला.

१६ जून १८१५ रोजीं बेल्जममधील लिन्यी येथें नेपोलियननें ब्लूखरच्या प्रशियन सैन्याचा पराभव केला. हा त्याचा शेवटचा विजय. बहात्तर वर्षांचा ब्लूखर घोड्याखालीं चेंगरला. त्याचें सैन्य रात्रींच्या अंधारांत निघून गेलें. तें कोणत्या दिशेनें गेलें? याचा शोध त्याच रात्रीं घ्यावयास हवा होता. तो घेतला गेला नाहीं. दुसऱ्या दिवसाची सकाळ नेपोलियननें रणांगण पाहण्यांत व बोलण्यांत घालविली, आणि दुपार जवळ आली तेव्हां ग्रूशीस सुमारें ३३,००० सैनिक व ९६ तोफा देऊन आज्ञा केली कीं, प्रशियनांचा पाठलाग करावा व त्यांचा ठाव लावावा. स्वतः तो इंग्लिश सेनापति वेलिंग्टन याच्यामागें उत्तरेस निघाला. शत्रूस पुढें बारा तासांहून अधिक अवधि मिळाला होता. त्यांत दुपारीं मुसळधार पाऊस आला आणि रस्ते चिखलानें भरून गेले. ग्रूशीचें सैन्य रात्रीं जांब्लू या गांवापर्यंतच पोहोंचूं शकलें.

त्या रात्रीं दहाच्या सुमारास ग्रूशीनें सम्राटास पत्र धाडलें. प्रशियन दोन वाटांनीं गेलेले दिसतात. त्यांतील मुख्य भाग वाव्रकडे जात असल्यास आपण त्यांच्यामागें जाऊं आणि त्यांस वेलिंग्टनला मिळूं देणार नाहीं, असा त्याचा आशय होता. हें पत्र नेपोलियनच्या छावणींत पहांटेपूर्वींच पोहोंचलें. उत्तर कधीं निघालें? सकाळीं दहा वाजतां! आणि त्या उत्तरांतही, वाव्रकडे जावें आणि आमच्याशीं संबंध राखावा, असें दोहों बाजूंस हात ठेवणारें लिहिलें होतें. नेपोलियनच्या आज्ञा वर्षानुवर्षें स्पष्ट शब्दांत मांडून देणारा बर्तिये त्याच महिन्याच्या आरंभीं खिडकींतून पडून मरण पावला होता. त्याच्या जागीं आलेला मार्शल सूल हा उत्तम लढवय्या होता, परंतु उत्तम चिटणीस नव्हता.

१८ तारखेस दुपारच्या सुमारास ग्रूशी वालेन गांवीं एका घरीं थांबला होता. स्ट्रॉबेरीची गोष्ट ती येथली. तितक्यांत पश्चिमेकडून तोफांचा गडगडाट ऐकूं येऊं लागला. त्याच्या हाताखालील सेनापति जेरार पुढें येऊन म्हणाला कीं, तोफांच्या आवाजाकडे चला. निदान मला माझी तुकडी घेऊन जाऊं द्या. ग्रूशीनें नकार दिला. आपणांस सम्राटाची आज्ञा प्रशियनांचा पाठलाग करण्याची आहे; सम्राट आज लढणार हें त्यास ठाऊक आहे; आणि शत्रू समोर असतां सैन्य दुभंगणें हें युद्धशास्त्राविरुद्ध आहे, असें त्याचें म्हणणें पडलें. शब्द चढले, दोघेही तापले. वरिष्ठास चारचौघांसमोर उपदेश केला म्हणजे त्याचें मन अधिकच हट्टास पेटतें, हें घरांत काय आणि छावणींत काय, सारखेंच.

तो वाव्रकडे गेला. वाव्रला त्यास प्रशियनांची पिछाडी मिळाली. सुमारें १७,००० सैन्यासह थीलमान तेथें दील नदीचे पूल अडवून बसला होता. ब्लूखरचें बाकीचें सैन्य केव्हांच वाटर्लूच्या वाटेस लागलें होतें. सकाळीं दहाचें उत्तर ग्रूशीस दुपारीं चारच्या सुमारास मिळालें. त्यानंतर एक वाजतां लिहिलेलें दुसरें पत्र, ज्यांत शत्रूची एक तुकडी आमच्या उजव्या बाजूवर येत आहे, विलंब न करतां या, असें होतें, तें पोहोंचलें तेव्हां संध्याकाळ झाली होती आणि ग्रूशी वाव्रच्या पुलांवर गुंतला होता. जेरार छातींत गोळी लागून पडला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ग्रूशीनें थीलमानला मागें हटविलें. लढाई जिंकली! आणि साडेदहाच्या सुमारास घोडेस्वार बातमी घेऊन आला कीं, काल संध्याकाळीं साम्राज्य संपलें.

या क्षणानंतर ग्रूशीनें जें केलें, तें आमच्या शिक्षकांनीं आम्हांस कधींच सांगितलें नाहीं. विजयी शत्रू एका बाजूस, थीलमान दुसऱ्या बाजूस, मागें परका मुलूख, आणि मुख्य सेना नष्ट झालेली, अशा स्थितींत त्यानें घाबरगुंडी उडूं दिली नाहीं. नामूर शहराच्या वाटेनें तो निघाला. २० जून रोजीं तेथें त्याच्या पिछाडीनें प्रशियनांचा हल्ला परतविला. आणि जखमी व तोफा बरोबर घेऊन आपलें बहुतेक सैन्य त्यानें फ्रान्सच्या सरहद्दींत, आणि पुढें पॅरिसपर्यंत सुखरूप आणलें. हजारों घरांतील मुलगे त्या आठवड्यांत या एका माणसाच्या शांत डोक्यामुळें परत आले. परंतु जे परत येतात, त्यांचे पोवाडे होत नाहींत.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येण्यासारखी आहे. राजसत्ता परत आली, २४ जुलै १८१५ च्या जाहीरनाम्यांत ग्रूशीचें नांव अपराध्यांत आलें आणि तो अमेरिकेस पळून फिलाडेल्फियास राहिला. तिकडे सेंट हेलेना बेटावर नेपोलियन आपल्या पराभवाची मीमांसा सांगत होता, आणि त्या मीमांसेंत दोष बहुधा दुसऱ्यांकडे जाई. मार्शल नेय यास डिसेंबर १८१५ मध्येंच गोळ्या घालण्यांत आल्या होत्या. त्याला उत्तर देतां येत नव्हतें. ग्रूशी जिवंत होता. तो पुस्तिकांमागून पुस्तिका लिहीत राहिला, जेरार प्रत्युत्तर देत राहिला. १८२० सालीं तो मायदेशीं परतला, परंतु मार्शलपद परत मिळण्यास १८३१ साल उजाडावें लागलें. २९ मे १८४७ रोजीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. आयुष्याचीं शेवटचीं तीस वर्षें त्यानें एका दुपारचा जबाब देण्यांत घालविलीं.

आतां निवाडा काय करावा? वालेनपासून वाटर्लूच्या रणांगणाची उजवी बाजू सरळ रेषेंत सुमारें २० किलोमीटर आहे. मध्यें दील नदी, अरुंद पूल, आणि पावसानें चिखल झालेल्या वाटा. दुपारीं निघालेलें सैन्य अंधार पडण्यापूर्वीं लढण्याच्या स्थितींत तेथें पोहोंचलें असतें काय, याविषयीं जाणत्यांत अद्याप एकमत नाहीं. ब्यूलोचे प्रशियन तर साडेचारच्या सुमारासच रणांगणावर उतरले होते. दोनच दिवस आधीं, १६ तारखेस, देर्लोंचें सुमारें २०,००० सैन्य एका लढाईकडून दुसरीकडे आणि पुन्हा पहिलीकडे असें हेलपाटे घालीत राहिलें होतें आणि दोहोंपैकीं एकीसही उपयोगी पडलें नव्हतें. तें ताजें उदाहरण ग्रूशीच्या डोळ्यांपुढें नसेल, असें कसें म्हणावें?

सैन्याचा एक भाग दूर धाडणें हा सर्वच सेनापतींचा जुगार असतो. १४ जून १८०० रोजीं मारेंगो येथें नेपोलियननें देसेस असेंच दूर धाडलें होतें. परंतु लढाई अंगावर येतांच त्यानें सकाळींच त्याला परत बोलाविलें, आणि देसे संध्याकाळीं पांचच्या सुमारास येऊन पोहोंचला, म्हणून हरलेली लढाई जिंकली. वाटर्लूचा विजेता वेलिंग्टन यानेंही हा जुगार खेळला होता, आणि तोही आपल्याच मुलखांत. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं हल्लींच्या जालना जिल्ह्यांतील असई येथें शिंदे व भोसले यांच्या फौजेशीं तो लढला, तेव्हां त्यानें कर्नल स्टीव्हन्सनला निराळ्या वाटेनें धाडलें होतें. स्टीव्हन्सन येऊन पोहोंचला तो दुसऱ्या दिवशीं. वेलिंग्टन जिंकला, म्हणून स्टीव्हन्सनला कोणी दोष देत नाहीं. तो हरला असता, तर स्टीव्हन्सनचेंही नांव आज ग्रूशीच्या शेजारीं बसलें असतें.

याचा अर्थ ग्रूशी निर्दोष होता असा नाहीं. १८ तारखेस पहांटेच निघून, दील नदी लौकर ओलांडून, धन्याच्या व शत्रूच्या मध्यें उभें राहणें त्यास शक्य होतें, आणि तसें न करणें ही त्याची चूक होय. आज्ञेचा शब्द त्यानें पाळला, आज्ञेचा हेतु त्याच्या हातून निसटला. परंतु ज्यानें संदिग्ध आज्ञा उशिरां दिली, ज्यानें हा माणूस या कामासाठीं निवडला, आणि ज्यानें रात्रींच्या पत्रास सकाळीं दहापर्यंत उत्तर धाडलें नाहीं, त्याचा वांटा त्याहून मोठा आहे.

वाचकहो, ही गोष्ट केवळ सेनापतींची नाहीं. परगांवाहून येणाऱ्या पाहुण्यांस आणावयास मुलाला स्टेशनवर धाडावें, गाडी कोणती तें नीट सांगूं नये, आणि पाहुणे दुसऱ्याच गाडीनें येऊन दारांत उभे राहिले म्हणजे सर्वांदेखत त्या मुलावर तोंडसुख घ्यावें, असे लहानसे वाटर्लू आपणां सर्वांच्या घरीं घडत असतात. ‘अरे, तुला एवढेंही समजूं नये?’ असें आपण विचारतों. आपण काय सांगितलें होतें, हें मात्र आठवून पाहत नाहीं. आणि तो मुलगा पुढें दहा कामें चोख करो. घरांत तो ‘पाहुण्यांना चुकविणारा’ म्हणूनच ओळखला जातो.

आमच्या त्या शिक्षकांस वारून पुष्कळ वर्षें झालीं. ते फार चांगले शिक्षक होते, आणि स्ट्रॉबेरीच्या त्या एका तासावरून त्यांची परीक्षा करणें आम्हांस कधींच रुचणार नाहीं. तेवढाच न्याय ग्रूशीसही मिळावा, एवढेंच आमचें मागणें आहे.